एका मोज्यातली कुसळं

नियम १. प्रत्येक शिक्षकाने सकाळी येताना, जेवणाच्या सुट्टीनंतर व संध्याकाळी जाताना यंत्रावर बोट ठेवावे. बोट न उमटल्यास शिक्षक गैरहजर समजला जाईल.

सत्यशीलाबाईंनी पिशवीतून मोजे काढले आणि हिराताईंच्या टेबलावर ठेवले. राखाडी, पुरुषी मोजे. त्यांच्याशेजारी एक तपकिरी बूट. त्याची नाडी मधोमध कापलेली.

"हे माझ्या मिस्टरांचे," त्या म्हणाल्या. "गेले त्या दिवशीचे. धुतलेले नाहीत."

रणजितनं आपली खुर्ची हळूच मागे सरकवली. हिरा वाघमारेंच्या या कचेरीत लोक सहसा लग्नाच्या स्थळाचा फोटो घेऊन यायचे. खराडीतल्या कंपनीतला मुलगा, पगार चांगला, पण आधी काही भानगड होती का, तेवढं बघा. विमा कंपनीत दावे तपासण्यात हिराताईंचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर त्यांनी सदाशिव पेठेत, इंग्रजी बोलण्याच्या क्लासच्या डोक्यावर ही खोली घेतली. रणजित मूळचा खराडीचाच. शेत गेलं, तिथं काचेची इमारत आली, दारात मोठी गाडी आली आणि हाताला काम उरलं नाही. म्हणून तो ताईंची गाडी चालवायचा आणि त्यांच्या आधी निष्कर्ष काढायचा.

"डॉक्टर म्हणाले, हृदयविकार," सत्यशीलाबाई सांगत होत्या. "त्याला माझी हरकत नाही. कॉलेजवाले म्हणाले, खांबेटे सर सकाळपासून खोलीतच होते, आवार सोडलं नाही, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शोकसभेत रजिस्ट्रार म्हणाले, वीरमरण. वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला वीरमरण! ऐकून घेतलं मी."

हिराताईंनी डावा मोजा उचलला आणि बोट मागे घेतलं.

"कुसळं."

"भरलाय नुसता. आता उजवा बघा."

उजव्या मोज्यात एकही कुसळ नव्हतं.

"सकाळी धुतलेली जोडी मी स्वतः दिली. ते स्कूटरवर बसले आणि सरळ कॉलेजला गेले. कॉलेजात आता गवताची काडी नाही, सगळीकडे फरशा घातल्यात. मग ही कुसळं आली कुठून?"

"टेकडीवरची असणार," रणजित म्हणाला.

"एवढं मलाही कळतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ह्यांना मी फी कशाची द्यायची?"

हिराताईंनी हसू दाबलं. "आणि बूट?"

"उजवा आहे. ते नाडीला सुरगाठ मारतात, ओढली की सुटते. ही निरगाठ होती. घरी आणल्यावर मी सोडायला गेले, सुटेना. कापली."

"म्हणजे बूट दुसऱ्यानंच घातलाय," रणजित पुढे झुकला. "बाई, तुमचा कुणावर संशय?"

"कुणावरही नाही. मला केस करायची नाही. ते गेले कुठं, आणि तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच कळायला हवंय. घाबरले होते का? मला हाक मारली का? इतकी वर्षं एका घरात राहिलो आम्ही. शेवटच्या घटकेचं मला काहीच ठाऊक नाही."

त्यांनी मोजे पुन्हा घड्या घालून पिशवीत ठेवले.

"त्यांना टेकडीचं वेड. पण आमच्या घरात कुसळ येत नाही. एकदा माझ्या तळपायात रुतलं, पिकलं, चिरावं लागलं. तेव्हापासून ते बाहेर पायरीवर बसतात, एकेक काढतात आणि मगच आत येतात."

बसतात, काढतात, येतात. रणजितच्या ते लक्षात आलं. खालून क्लासमधली मुलं एका सुरात ओरडत होती आणि सत्यशीलाबाई त्या गलक्यात पिशवीच्या तोंडाला गाठ मारत होत्या.

नियम ६. कामाच्या वेळेत आवार सोडण्यासाठी रजिस्ट्रार यांची लेखी परवानगी आवश्यक आहे.

फाटकात वॉचमननं दोघांच्या गळ्यात पाहुण्यांची कार्डं अडकवली. रणजितला त्याचा राग येई. खराडीत स्वतःच्या जुन्या विहिरीपाशी जायलाही आता त्याला असलंच कार्ड लागायचं.

"खांबेटे सर? नाय, त्या दिवशी बाहेर नाय पडले," वॉचमन म्हणाला. "त्यांची स्कूटर सकाळपासनं स्टँडलाच हुती. शपथेवर सांगतो."

रजिस्ट्रारचं बोलावणं येईपर्यंत दोघं गाड्यांपाशी थांबले. रणजित एका पोपटी स्कूटरच्या मागच्या सीटवर टेकला आणि ताडकन उठला.

"आयला! काय चावलं?"

"काय झालं?"

"शीट फाटलीया, ताई. आतनं काहीतरी टोचलं." त्यानं पँटीतून एक काडी उपटली आणि फेकून दिली. हिराताईंनी ती फरशीवरून उचलली, रुमालात ठेवली आणि कुणाची स्कूटर म्हणून विचारलंसुद्धा नाही.

"नियम मी केलेले नाहीत," रजिस्ट्रार हिंमतराव म्हणाले. अजून कुणी काही विचारलेलंही नव्हतं. "संस्थेचे नवे सचिव सॉफ्टवेअर कंपनीतून आलेत. म्हणाले, कंपनीत कुठला माणूस कुठं आहे ते कळतं, मग कॉलेजात का कळू नये?"

"आमच्या रानात कंपनीच हाय," रणजित म्हणाला. "तिथली निम्मी पोरं घरनं काम करत्यात. शुक्रवारी वॉचमन नि मांजर, बास."

"इथं शुक्रवारीही यावं लागतं," हिंमतराव कोरडेपणानं म्हणाले. "मलाही बोट ठेवावं लागतं, साहेब."

"खांबेटे सरांचं आणि नियमांचं कसं होतं?" हिराताईंनी विचारलं.

"दोन मेमो मिळालेले. तिसरा मिळाला असता तर चौकशी बसली असती. तीही निवृत्तीच्या तोंडावर! मुलांना टेकडीवर न्यायचे, विनापरवाना. महिनाभर आधी अर्ज करायचा असतो. त्यांनी उत्तर काय दिलं? गवताला फुलोरा कधी येणार हे गवत मला महिनाभर आधी कळवत नाही. लेखी दिलं हो हे!"

हिंमतरावांच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं. ते त्यांनी येऊ दिलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"दुपारी, मशीनपाशी. दुपारची नोंद दोनला बंद होते. त्याच्या जेमतेम आधी आले." ते दोघांना बाहेर घेऊन आले. भिंतीवर काळी डबी होती, आणि तिच्याखालच्या फळीवर एक छोटी बाटली. "हे त्यांचं ग्लिसरीन. माती उकरून उकरून बोटांवरच्या रेषा गेलेल्या, कातडी कोरडी ठाक. मशीन घ्यायचंच नाही. म्हणून रोज थेंब लावून बोट ठेवायचे. त्या दिवशी मात्र रुमालानं पुसत होते. ठेवायचं, पुसायचं. ठेवायचं, पुसायचं. मशीन आपलं म्हणतंय, कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"तुम्ही काय म्हणालात?"

हिंमतरावांनी बाटली उचलली आणि सरळ होती तरी पुन्हा सरळ ठेवली.

"म्हणालो, सर, मशीनला दोष देऊ नका."

"मग?"

"घेतलं शेवटी. सर मशीनला 'आभारी आहे' म्हणाले. खवचट माणूस. आणि गेले जिना चढून."

"हळू?"

"वय झालेलं, बाई. हळूच."

नियम ३. सर्व अध्यापन आवारातच व्हावे.

वनस्पतिशास्त्राची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीखाली झाडांची एक चिंचोळी बाग, बागेच्या भिंतीत लोखंडी दार. खोलीत खांबेटे सरांची खुर्ची अजून तशीच होती आणि टेबलावर झाकण घातलेली एक काचेची बशी.

बशीत कुसळं होती. सगळ्यांची टोकं एका दिशेला, ओळीनं मांडलेली. काहींच्या अंगावर राखाडी लव.

"बुरशी आलीया," रणजित पुटपुटला.

"ह्या बशीला कुणी हात लावला होता?" हिराताईंनी विचारलं.

"न्हाई जी," ज्ञानदेव म्हणाला. तो प्रयोगशाळेतला शिपाई. हडकुळा, पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या पळायला निघाल्यासारख्या आवळून दोन-दोन गाठी मारलेल्या. "सरांचं सँपल असंल. मी तसंच ठिवलंय."

"सर बाहेर गेले होते?"

"हलले न्हाईत."

"बागेचं ते दार?"

"कुलूप असतंय."

"किल्ली?"

"माझ्यापाशी. पण उघडत न्हाई कुणी."

"पूर्वी उघडायचे?"

ज्ञानदेवानं खिडकीबाहेर पाहिलं. "पूर्वी समदंच उघडं हुतं, बाई."

दीपाली मॅडम आत आल्या. पंचविशीच्या, खांद्याला जड पर्स, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. म्हणजे घेतलेल्या प्रत्येक तासाचं मानधन, आणि नेमणूक सत्रापुरती. तीन वाजता सर गेल्याचं पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं होतं.

"सर सकाळपासून इथेच होते. आय मीन, मी तरी इथेच पाहिलं."

"जेवणाच्या सुट्टीत?"

"मी कँटीनमध्ये होते. दोनला माझं लेक्चर होतं. तीनला आले, तर..."

"दोनच्या तासाला काय शिकवलंत?"

"काय?"

"विषय कुठला होता?"

"पानं." दीपालीनं पर्सचा पट्टा मुठीत धरला. "पानं श्वास कशी घेतात."



"सर कसे होते हो शिकवायला?" हिराताईंनी एकदम हलक्या आवाजात विचारलं.

"नियम आला तेव्हा बाकीचे सगळे स्टाफरूममध्ये चिडचिड करत बसले. सर म्हणाले, मुलांना टेकडीवर जाता येत नाही ना, मग टेकडीला आणू. टेकडीला आवारात यायला परवानगी लागत नाही." ती हसली, आणि ते हसू अर्ध्यावर मोडलं. "सॉरी. मला प्रॅक्टिकल आहे."

संध्याकाळी दोघं गाडीत बसत असताना समोरून पोपटी स्कूटर गेली. चालवणारीच्या खांद्याला जड पर्स होती.

नियम ९. शिक्षकांनी कामाच्या वेळेत वैयक्तिक कामे करू नयेत.

दुसऱ्या दिवशी हिराताईंनी रणजितला टेकडीवर चढवलं. कार्तिकातलं ऊन, गवत वाळून पिवळं झालेलं. खाली शहर धुरकट पसरलेलं. परत खाली येईपर्यंत रणजितचे मोजे साळिंदरासारखे झाले. त्यानं एक कुसळ उपटलं. अर्धं हातात आलं, अर्धं आत राहिलं.

"उलटं ओढू नकोस," हिराताई म्हणाल्या. "त्याला मागं येता येत नाही. टोकाकडनं पुढं ढकल, मग निघतं."

"राहू दे. घरी बघू." त्यानं बूट चढवले. "ताई, मला सगळं कळलंय. ऐका. खांबेटे सर इथं टेकडीवर मेले. कुणीतरी त्यांना गाडीत घालून कॉलेजात आणलं, खुर्चीत बसवलं, बूट घातला. मढ्याचं बोट मशीनला लावलं, म्हणून तर ते घेईना! आणि हे सगळं कुणी केलं? ज्याच्या गाडीला फाटकात कुणी अडवत न्हाई, त्यानं. हिंमतरावानं. 'मी मशीनपाशी पाहिलं' असं तो एकटाच म्हणतोय."

"छान," हिराताई म्हणाल्या.

रणजित खूश झाला.

"मेलेल्या माणसाच्या एकाच पायाला कुसळं का लागतील?"

रणजितनं विचार केला. "एका कुशीवर पडला असंल."

"गाडी काढ. बागेच्या दाराकडनं जायचं. आणि वाटेत काय काय दिसतं ते मोठ्यानं सांग."

"सिग्नल," रणजित सांगू लागला. "रसाचं गुऱ्हाळ. बंगला. बंगला पाडून बांधलेली बिल्डिंग. मोठा दवाखाना. शाळा..."

"थांब."

त्यानं गाडी बाजूला घेतली. दवाखान्याचं फाटक सताड उघडं होतं. रिक्षातून एका म्हाताऱ्याला उतरवत होते. पोरगा आत धावला आणि दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन बाहेर आली. हिराताई ते काचेतून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरलेत असं रणजितला वाटलं, पण विमा कंपनीतल्या माणसाचे डोळे भरत नाहीत अशी त्याची समजूत होती.

"ताई, बरं वाटत न्हाई का?"

"चल," त्या म्हणाल्या. "रविवारी बाईंच्या घरी जाऊ. त्या दोघांना मी बोलावते."

"आणि हिंमतराव?"

"त्याला नको."

नियम ८. तासिका तत्त्वावरील शिक्षकाने पूर्वसूचनेविना तास बुडवल्यास त्याची नेमणूक आपोआप संपुष्टात येईल.

खांबेट्यांचं घर तळमजल्यावर होतं. दारापुढे तीन दगडी पायऱ्या, कडेला तुळस आणि नाव न लिहिलेली कसली कसली रोपटी. दीपाली आणि ज्ञानदेव आधीच येऊन अंगणात अवघडून उभे होते. हिराताई त्यांच्यापाशी थांबल्या. रणजित बुटांसकट वर चढला.

"थांबा," सत्यशीलाबाई दारातून म्हणाल्या. "मोज्यांना काय आहे ते? कुसळं दारात काढायची."

रणजित ओशाळला. टेकडीवरचे तेच मोजे त्यानं पुन्हा चढवले होते. तो पायरीवर बसला, उजवा बूट काढला, आणि टोकाकडून ढकलत एकेक कुसळ काढू लागला. काढलेली दगडावर ओळीनं मांडली. तो मोजा साफ झाला. मग त्यानं डाव्या बुटाच्या नाडीला हात घातला.

"रणजित," हिराताई म्हणाल्या. "हलू नकोस. तसाच बस."

"का?"

"या क्षणी तुला काही झालं, तर तुझ्या पायांत लोकांना काय दिसेल?"

"एका पायात बूट न्हाई," रणजित खाली बघत म्हणाला. "एक मोजा साफ. एक भरलेला." मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि काढलेली कुसळं?"

"शेजारी. ओळीनं." तो दगडाकडे बघत होता. कुसळांना त्याच्या मोज्याची निळी लव चिकटली होती. "ताई, ती बुरशी नव्हती."

"नव्हती. मढं मोजे साफ करत नाही. खांबेटे सर टेकडीवर गेले होते आणि आपल्या पायांनी परत आले होते. तुझ्यासारखेच बसले, एक मोजा साफ केला, दुसऱ्याला हात घालणार एवढ्यात गेले." त्या वळल्या. "ज्ञानदेव, तुमच्या बुटांना दोन-दोन निरगाठी असतात. सरांच्या उजव्या बुटालाही होती."

ज्ञानदेवानं टोपी काढली.

"एक पाय उघडा हुता, बाई. डाक्टर येणार, रजिस्टार येणार, पोरं येणार. सरांना तसं कुणी बघू नये म्हून घातला. मला दुसरी गाठ येत न्हाई."

"आणि बागेचं दार?"

"दर गुरुवारी मीच उघडायचो. जेवायच्या सुट्टीत. सर गवत आणायचे पोरांसाठी."

"सरांची स्कूटर स्टँडला होती. म्हणजे ते दुसऱ्याच्या गाडीवरून गेले. पोपटी स्कूटरच्या मागच्या फाटक्या सीटमध्ये कुसळं आहेत. मागं बसलेल्या माणसाच्या कपड्यांतली."

दीपाली पायरीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"उरलं मशीन," हिराताई सावकाश म्हणाल्या. दीपालीला वेळ मिळावा म्हणून बोलत असाव्यात. "सरांची बोटं कोरडी. रोज ओली करावी लागायची. त्या दिवशी ते पुसत होते. थंडीच्या तोंडावर माणसाला एवढा घाम कशाचा येतो, हे मी विम्याच्या कागदांत हजारदा वाचलंय. मशीनपाशी उभे होते तेव्हाच झटका सुरू झालेला होता. म्हणजे दुखायला लागलं त्याआधी, टेकडीवर किंवा वाटेत. आणि टेकडीवरून बागेच्या दाराकडे येणारा रस्ता दवाखान्यावरून जातो."

सत्यशीलाबाईंनी दाराची चौकट धरली होती.

"मी थांबवली होती," दीपाली म्हणाली. "काकू, मी दवाखान्यापाशी स्कूटर थांबवली होती. टेकडीवरून उतरतानाच ते छाती चोळत होते. म्हणाले, पित्त आहे. मी म्हटलं, सर, दाखवू या. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. चल, चल, मशीन दोनला बंद होतं. मी म्हटलं, जाऊ दे मशीन. तर म्हणाले, माझा तिसरा मेमो होईल, चौकशीत विचारतील कुणाबरोबर गेला होतात, आणि तुझं नाव निघेल. तुझी नेमणूक पहिली जाईल."

"आणि तू गाडी पुढे घेतलीस," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"खोलीत बसवलं. पाणी दिलं. दोनची घंटा झाली. ते म्हणाले, वर्गावर जा, आज तपासणी आहे. मी दारात थांबले. तर म्हणाले, अगं जा, मला जरा बरं वाटतंय." दीपालीनं कठडा सोडला. "मी पूर्ण तास घेतला, काकू. पूर्ण. मध्येच एकदा वाटलं, जाऊन बघावं. पण मागच्या बाकावर निरीक्षक बसले होते."

सत्यशीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"दवाखाना वाटेत होता," त्या म्हणाल्या. रागानं नाही, जणू पत्ता नीट पाठ करून घेत होत्या. "वाटेत होता."

"मी उद्या रजिस्ट्रारना सगळं सांगते."

"सांगून काय होईल? तू घरी बसशील. ह्या ज्ञानदेवाची नोकरी जाईल. भिंतीतल्या दाराला वीट लागेल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांगू नकोस. पण मला तुझा राग आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाही, हे तुला कळू दे."

"हो, काकू."

रणजितला राहवलं नाही. "म्हणजे ह्या सगळ्यात हिंमतरावाला काहीच न्हाई? त्याला कुणी काहीच सांगायचं न्हाई?"

"काय सांगणार?" हिराताई म्हणाल्या. "दोनच्या आत बोट उमटलंय. मशीनच्या लेखी खांबेटे सर त्या दुपारी हजर आहेत."

नियम, क्रमांक नसलेला. कुसळं दारात काढायची.

"तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत, वाघमारेबाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ते कुठं गेले ते कळलं. एकटे होते, तेही कळलं. घाबरले होते का?"

हिराताई दोन पायऱ्या चढून त्यांच्या जवळ गेल्या.

"तिथं खोलीत कुसळांनी कुणाचं काय बिघडत होतं? कॉलेजच्या फरशीवर कुसळ पडलं म्हणून मेमो मिळत नाही. तिथं पायात कुणाच्या रुतणार नव्हतं. मग छातीत दुखत असताना, घाम फुटलेला असताना, ते मोजे का साफ करत बसले?"

सत्यशीलाबाईंनी चौकटीवरचा हात काढला.

"ज्याला वाटतं आपण मरतोय, तो खाली वाकून मोजे साफ करत नाही. बरं वाटलं की उठायचं, स्कूटर काढायची आणि घरी यायचं, असं त्यांच्या मनात होतं. तुमच्या दारात वेळ जायला नको म्हणून ते तिथंच काढून टाकत होते. हाक मारली की नाही, ते मला माहीत नाही, बाई. पण ते तुमच्या पायरीवरच बसले होते."

सत्यशीलाबाई आत गेल्या. त्या परत येणार नाहीत असं रणजितला वाटलं. त्यानं हळूच बुटात पाय घालायला घेतला. तेवढ्यात त्या आल्या. हातात राखाडी मोजा होता, डावा.

त्या रणजितच्या शेजारी पायरीवर बसल्या. मोजा मांडीवर पसरला.

"हा राहिला त्यांचा," त्या म्हणाल्या.

पहिलं कुसळ त्यांनी ओढलं तसं तुटलं.

"काकू," दीपाली उन्हात उभी राहूनच हळू म्हणाली, "टोकाकडून पुढे ढकला."

"मला माहीत आहे."

पण दुसरंही तुटलं. मग मान वर न करता सत्यशीलाबाईंनी साडीचा घोळ आवरला आणि पायरीवर थोडी जागा झाली.

"उन्हात उभी राहू नकोस," त्या म्हणाल्या.

दीपाली येऊन बसली. सत्यशीलाबाईंनी मोज्याचं एक टोक तिच्याकडे सरकवलं. दुसरं स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवलं. ज्ञानदेव टोपी हातात घेऊन तुळशीपाशी उकिडवा बसला. रणजितनं डावा बूट काढला आणि आपला मोजा मांडीवर घेतला.

कुसळं संपेपर्यंत कुणी आत गेलं नाही.